लोखंडी हौदात अण्णा

बॉथेल, अमेरिका,
ऑगस्ट २००६

प्रिय आई,

अण्णांनी मला काल बजावलंय, की हे तुम्हाला सांगायचं नाही. म्हणूनच लिहितेय. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. काल दुपारी दारातल्या पायरीवर बसून, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून ते मला म्हणाले, "मनीषा, हिला यातलं काही सांगू नकोस हं. उगाच घोर लावून घेईल." 

संजयला मी हे सांगितलेलं नाही. तुमचा मुलगा आहे, ऐकलं तर तो काय करेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नाहीये. मग ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनाच सांगावं झालं!

आत्ता डोक्यावर ठोकाठोकी चालू आहे. छपरावर चार माणसं आहेत आणि प्रत्येक ठोक्याला मी दचकतेय. चहात वरून धूळ पडली, तो ओतून दिला.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही आमच्या या घराला नावं ठेवली होतीत, आठवतं? "एवढं मोठं घर, आणि वर छप्पर काय, तर लाकडाच्या ढलप्यांचं!" तुमचंच खरं झालं. इथे निम्म्या घरांवर असंच सीडरच्या पातळ फळकुटांचं छप्पर असतं. नऊ महिने रिपरिप पाऊस, मग त्यावर शेवाळ धरतं, खालून कुजतं. गेल्या हिवाळ्यात पाणी थेट पाहुण्यांच्या खोलीत, तुम्ही झोपायचात त्या पलंगावर गळायला लागलं. आता त्या खोलीत अण्णा आहेत. तुमच्यामागे साताऱ्याच्या घरात ते एकटे काय करतील म्हणून संजयने त्यांना इकडे आणलं. तेव्हा उन्हाळ्यात छप्पर बदलायचंच, असं ठरलं.

पण जुनं छप्पर उतरवलं की ते टाकायचं कुठे? इथे त्यासाठी डम्पस्टर भाड्याने मिळतो. छपरावाला म्हणाला, तो तुमचा तुम्ही मागवा. मी फोन केला, तर पलीकडची बाई विचारते, किती यार्डांचा पाठवू? मला काय कळतंय! मी म्हटलं, आमच्या गॅरेजसमोर मावेल एवढा. ती खूप हसली. अण्णा शेजारीच बसले होते. म्हणाले, "यार्डावर तर कापड मोजतात ना गं?"

मग तो आला. केवढं धूड, आई! ट्रकची पाठ तिरकी होते, साखळ्या खडखडतात आणि तो लोखंडी डबा घसरत घसरत खाली येतो. वरून उघडा, आणि मागे माणसाला चालत आत जाता येईल असं दार. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. अण्णा मात्र खूश. "अगं, हा तर हौद!" म्हणाले, आणि भोवती प्रदक्षिणा घालून आले. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव हौदच पडलं. आपली मंडळी म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. कुणाच्या दारात डम्पस्टर आलाय ही बातमी कशी पसरते देव जाणे. संजयच्या ऑफिसातल्या एकाचा लगेच फोन, "वहिनी, आमची एक जुनी गादी आहे. तुमच्या डम्पस्टरमध्ये टाकून जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी वरून फळकुटं पडायला लागली. वरच्या बाजूने काळी आणि शेवाळलेली, पण आतून लालसर, खडखडीत वाळलेली, वासाला सुंदर. अण्णा खिडकीत उभे होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "एवढं सरपण!"

तुम्हाला काय सांगायचं? आयुष्यभर त्यांनी घरातलं एकच काम केलं. तुमच्या बंबासाठी ढलप्या फोडायच्या. गीझर घेतला तरी तुम्ही बंब सोडला नाहीत. तुम्हाला गीझरच्या पाण्याने आंघोळ झाल्यासारखी वाटायची नाही. आणि अण्णा रोज संध्याकाळी परसात बसून जाड वेगळ्या, बारीक वेगळ्या असे ढीग लावायचे. एक कपबशी कधी उचलून ठेवली नाही, पण ढलप्या कधी चुकल्या नाहीत. त्या माणसाच्या डोळ्यांसमोर एक अख्खं छप्पर ढलप्या होऊन कचऱ्यात चाललं होतं. त्यांना ते सहन कसं व्हावं?

एके दिवशी कामगार गेल्यावर सई खेळून आत आली आणि मला म्हणाली, "मॉम, आजोबा इज इन द डम्पस्टर अगेन." हे 'अगेन' कधीपासून? बाहेर जाऊन बघते तर खरंच! हौदाच्या पुढच्या बाजूला ढीग होता, दाराजवळ जरा मोकळी जागा होती. तिथे रंगाची रिकामी बादली पालथी घालून अण्णा बसले होते. चपला बाहेर, दारापाशी, देवळाबाहेर काढतात तशा नीट काढून ठेवलेल्या. पायात संजयचे जुने बर्फातले बूट, कारण आत खिळे! मांडीवर पंचा, आणि पंचावर ढलप्या. निवडून झालेल्या घराच्या मागच्या बाजूला रचलेल्या.

"अण्णा, नका ना जाऊ तिथे. लागेल कुठे." मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले. त्यांचं ते 'बरं' तुम्हाला ठाऊक आहे. त्यात होकार सोडून सगळं असतं.

मी त्यापुढे काय करायला हवं होतं, सांगा. ओरडायला हवं होतं? बारा वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज चढवलेला नाही. गरजच पडली नाही. ते खातं तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही ते असं सांभाळलंत की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. "अहो, वय काय, करताय काय!" शिडीवर चढले की तुमचा आवाज. रस्त्यात सायकल काढली की तुमचा आवाज. आता जाताना ते खातं कुणाकडे देऊन गेलात? मला निदान सांगायचं तरी!

काल छपरावर कुणी नव्हतं. भरलेला हौद न्यायचा होता आणि त्याच्या जागी दुसरा यायचा होता, म्हणून कामगारांना सुट्टी. संजय ऑफिसात, सई कॅम्पला. मी घरून काम करत होते, कानात हेडफोन, फोनवर सगळी टीम. जेवून अण्णा खोलीत गेले, दार लोटलं. त्यांची वामकुक्षी म्हणजे घड्याळ लावावं. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलच्या वाटीत त्यांचं कानातलं मशीन होतं. झोपताना, एकटे असताना ते काढून ठेवतात. का, तर सेल उतरतो! कुणी बोलणारं नसलं तर ऐकायचं कशाला, असा हिशेब.

ट्रकवाला आला. दारावर थाप मारून त्याने विचारलं, नेऊ का? मी हेडफोनवर हात ठेवून म्हटलं, "येस, गो अहेड." आई, हे मी म्हटलं. याच तोंडाने.

परत टेबलाशी जाताना मी सहज खिडकीतून बघितलं. त्याने हौदावर ताडपत्री ओढली होती. पुढच्या बाजूला जाड तार अडकवली होती, ट्रकची पाठ तिरकी होत होती आणि हौदाची ती बाजू हळूहळू जमीन सोडत होती. आणि गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर, हौदाच्या दाराजवळ, अण्णांच्या चपला होत्या. एक उलटी पडलेली.

मी खोलीत जाऊन बघितलंसुद्धा नाही. मला कळलं. मी धावत सुटले. अनवाणी, हेडफोनची वायर लोंबतेय, खिशात फोन चालूच. "अण्णा! अण्णा! थांबवा!" मी मराठीतच ओरडत होते. तो इंजिनाचा आवाज! ट्रकवाल्याला काही ऐकू जाईना. आणि अण्णांना तर काय ऐकू येणार, कान ओट्यावर वाटीत! मी ट्रकच्या दारावर मुठी मारल्या. तेवढ्यात आतून आवाज आला. सगळा ढीग मागे घसरल्याचा. दाराच्या बाजूला, आई. जिथे ते बसतात त्या बाजूला.

मग इंजिन बंद झालं आणि काहीच ऐकू येईना. ना हाक, ना कण्हणं. तेवढ्या वेळात मी तुम्हाला हाक मारली. मोठ्याने नाही, मनात. म्हटलं, आई, एवढ्या लवकर नेऊ नका हो त्यांना, पाया पडते.

ट्रकवाल्याने हौद इंच इंच करत खाली टेकवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाराची कडी त्यानेच लावली होती, दार आतून ओढून घेतलेलं होतं म्हणून आत डोकावला नव्हता. कडी काढली तशी फळकुटं भसाभसा बाहेर आली. आणि कोपऱ्यात, गुडघ्याच्या वरपर्यंत लाकडांत रुतलेले, पंचा छातीशी धरून अण्णा! डोळे मिचकावत माझ्याकडे बघत म्हणाले, "काय गं? एकदम अंधार कसा झाला?"

मी काय बोलले ते आठवलं की मला आत्ताही लाज वाटते. "अक्कल आहे का तुम्हाला? या वयात कचऱ्यात जाऊन बसता! मेला असतात! मी संजयला काय तोंड दाखवलं असतं?" असं ओरडले, आई. सासऱ्यांना. सगळ्या गल्लीसमोर. बाजूच्या घरातली लिंडा बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. तिच्याचमुळे तर दार ओढून घेतलं होतं अण्णांनी. "ती बाई सारखी बघते," म्हणून! हेडफोनमधून माझा मॅनेजर विचारत होता, "मनीषा, आर यू ओके?"

अण्णांनी मान खाली घालून बूट काढले, चपला घातल्या. हातावर खिळ्याचा लांब ओरखडा होता, बाकी खरचटलं होतं. ट्रकवाला फुटपाथच्या कडेला बसला. "मी आत बघायला हवं होतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यालाही मी पाणी दिलं. आणि मग पायरीवर बसून अण्णा ते वाक्य बोलले. हिला सांगू नकोस.

कोण ही? मला वाटलं सईबद्दल म्हणतायत. पण सईला ते कधी 'ही' म्हणत नाहीत. 'ही' म्हणजे तुम्ही. या घरात 'ही' म्हणजे दुसरं कुणीच नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला त्यांना दवाखान्यात नेलं. मी तिथल्या नर्सला हळूच सांगितलं, की सासरे जरा गोंधळल्यासारखे वाटतात. तिने त्यांना प्रश्न विचारले. आज वार कोणता, साल कोणतं, आत्ता आपण कुठे आहोत. अण्णांनी सगळं धडाधड सांगितलं. वर मला मराठीत म्हणाले, "हिला शंका आहे का मी शाळेत गेलोय की नाही?" नर्स हसली. मी हसले. पण माझी भीती काही हलली नाही. वार आणि साल विचारणं सोपं आहे हो. तुमची बायको कुठे आहे, हे विचारायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही.

रात्री जेवताना संजयने हाताची पट्टी बघितली. मी म्हटलं, खिळा लागला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग संजय म्हणाला, "अण्णा, ऑक्टोबरच्या तिकिटाचं काय करायचं? एकटे राहाल ना नीट साताऱ्याला?" अण्णा म्हणाले, "न राहायला काय झालं? हिचं वर्षश्राद्ध माझ्या घरात व्हायला हवं."

म्हणजे आहे की लक्षात! मी ताटातून मान वर केली. पण मग दुपारी काय होतं? माणूस एका जेवणात तुमचं श्राद्ध करतो आणि त्याच दुपारी तुम्ही घोर लावून घ्याल म्हणून घाबरतो, हे कसं? आई, मला भीती वाटते. संजयला सांगितलं तर तो तिकीट रद्द करेल, आणि अण्णांना घरी जायचंय, ते इथे वाळतील. न सांगितलं आणि तिथे एकटे असताना त्यांचं असं काहीतरी हललं, तर? गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं? "जित्याची खोड..." म्हणतात, पण ती म्हण मी पुढे उच्चारतच नाही हल्ली. काल तिचा शेवट डोळ्यांनी बघून आले.

आज सकाळी मी ठरवलं, विचारायचंच. त्यांना चहा दिला, वाटीतलं मशीन उचलून स्वतः हातात दिलं. म्हटलं, "अण्णा, काल तुम्ही म्हणालात, हिला सांगू नकोस. कुणाला सांगायचं नव्हतं?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला. मग म्हणाले, "अगं, मला माहितीये ती नाही. माझ्या हातांनी केलंय सगळं." त्यांनी बशी खाली ठेवली. "पण आत अंधार झाला ना, आणि खालची जमीन हलली, तेव्हा मला देव आठवला नाही, मनीषा. मरणही नाही. वाटलं एवढंच, की आता ही ओरडणार. मग दार उघडलं आणि तू ओरडलीस. मशीन नव्हतं कानात, तरी ऐकू आलं. पुढचं तोंडातून आपोआप गेलं. चाळीस वर्षं जीभ तिकडेच वळलीय."

"मी असं बोलायला नको होतं, अण्णा."

"का? कुणीतरी बोलायला हवं ना. आठ महिने सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसे बोलतात. नका ना जाऊ, लागेल ना. मला काय समजतंय असल्या बोलण्याने?"

हे खरं, की सारवासारव? तुम्ही लगेच ओळखलं असतंत. त्यांचा चेहरा वाचायला तुम्हाला चष्मा लागायचा नाही. मला ओळखता आलं नाही. ते बोलताना डोळ्यांत पाणी होतं, आणि सारवासारव करणारा माणूसही रडू शकतो. मी अजून घाबरलेलीच आहे. फक्त काल मला एकाच गोष्टीची भीती होती, आज दोन झाल्यात. एक, त्यांचं मन सैल होत असेल. आणि दुसरी, ते अगदी शाबूत असेल, आणि या जगात त्यांना धाक असलेलं एकच माणूस निघून गेलंय.

तेव्हा ऐका. संजयला मी आज सगळं सांगणार आहे. ट्रक, चपला, इंजेक्शन, तुम्हाला न सांगण्याचंसुद्धा. डॉक्टरकडेही नेईन, ते चिडले तरी. पण डॉक्टरने जायला हरकत नाही म्हटलं, तर त्यांना मी अडवणार नाही, अडवूही देणार नाही. रोज साताऱ्याला फोन करेन. कॉलिंग कार्डं संपली तर संपू देत. आणि फोनवर "कसे आहात, जेवलात का" असलं काही विचारणार नाही. ओरडेन. शिडीवर का चढलात, गॅस बघितलात का, दार लावलंत का! तुमच्यासारखा आवाज मला यायचा नाही, माझा मध्येच फाटतो. तरी ओरडेन, हा शब्द देते. आणि ते पुन्हा काही लपवायला लागले, तर तुमच्यापासून नको, माझ्यापासून लपवा म्हणेन.

वरची ठोकाठोकी थांबली आहे. कामगार जेवायला बसले असणार. नवा हौद दारात आहे, तळाला पहिली फळकुटं पडलीत. आणि आत्ता या खिडकीतून मला अण्णा दिसतायत. गॅरेजच्या दारात वाकून ते संजयच्या बुटांच्या नाड्या बांधतायत.

थांबते, आई. मला जाऊन ओरडायचंय.

तुमची,
मनीषा